अकरा लिटर आधी

रकान्यात फक्त आकडा चालतो.
"थोडंसं" टाइप केलं की चौकट लाल होते.
तरी दोनदा टाकून बघितलं मी,
कारण मुंगरेकाका दोनदा तेच म्हणाले होते.

माल्ट किती? "चार टाक्यांत मिळून थोडंसं."
पाणी? "थंडी बघून."
कॅरॅमल?
त्यांनी ग्लास खिडकीकडे धरला.
बाहेर आग्रा रोडवरचं धुकं, त्यात एक ट्रक अडकलेला.
"त्याचा दिवा दिसतो ना,
तेवढं."

मी डायरी मिटली.
कंपनीने सहाच आठवडे दिले होते.

एकतीस वर्षं ह्या ब्लेंडिंग हॉलमध्ये, आणि एक घोट गिळलेला नाही.
नाकाशी धरायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं,
मग वर मचाणावरच्या पूरनला हात करायचा.
हिंग नाही, पान नाही.
घरी काकू वरण दोन पातेल्यांत करतात.
अख्खा हिवाळा लष्करात गजक कुटल्याचा आवाज घुमतो
आणि हा माणूस त्या गल्लीतून
तोंड मिटून चालत येतो.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं.
पूरन चाक उघडतो, काचेच्या नळीत पातळी चढते,
काका पट्टीकडे बघतच नाहीत,
पाइपवर तळवा ठेवून उभे,
आणि खुणेच्या जरा अलीकडे: "बस!"
पूरन चाक आवळतो.
आवळेपर्यंत जे वाटेत असतं ते येऊन पडतंच,
आणि पातळी खुणेला टेकते,
गाय आपल्या खुंट्याशी येऊन थांबावी तशी.

मी मोजलं. चाळीस बॅचेस.
पाइपला मीटर लावलं होतं ते त्यांना सांगितलं नव्हतं,
हेही लिहायला हवं.
पहाटपाळीला साडेनऊ, उन्हं आल्यावर बारा,
सरासरी अकरा लिटर आधी.
ह्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना होताच, आयता.
म्हणजे कुठे कुठे, कुठल्या कुठल्या टाक्यांपाशी
माणसं असंच काहीतरी ओरडत आली असणार.
मी लिहिलं ११.०
चौकट हिरवी झाली.

पहिली बॅच मंगळवारी.
आबकारीचे तोमरसाहेब कुलूप काढून
खुर्ची ओढून बसले, मफलर कानावर.
हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही.
व्हॉल्व्ह फुस्स करून आपापले मिटत गेले.
पूरन पहिल्यांदाच खाली उभा होता,
कोरडेच हात
फडक्याला पुसत.

काकांना ग्लास दिला.
नाक. जीभ. मोरी.
"बरोबर आहे."
मी तशीच उभी राहिले.
"बरोबर आहे गं," ते म्हणाले.
बुधवारी म्हणाले, "कालच्याइतकीच."
गुरुवारी, "कालच्याइतकीच."
नवव्या दिवशी ग्लास हातात घेतलाच नाही.
स्वेटरच्या खिशातून दोऱ्याने बांधलेलं पुडकं काढलं.
गजक.
अर्धी मोडून पूरनला, एक तुकडा मला,
माझ्या कीबोर्डवर तीळ सांडले.
बराच वेळ चावत होते.
"पूर्वी जास्त गोड असायची का ही?"
मला विचारलं की पूरनला, समजलं नाही.
पूरनने मान हलवली,
कुठल्या बाजूला तेही समजलं नाही.

संध्याकाळी घरी आई चहा गाळत होती.
मी कपाला तळवा लावला, डोळे मिटले,
आणि म्हटलं, बस.
ती थांबली.
"अगं, अर्धाच झालाय."